बाटलीला बांधलेला दोरा

मालूबायना फसवणं कठीण होतं, कारण आपण फसवले जाणार हे गृहीत धरूनच त्या घराबाहेर पडत. पनवेलच्या मासळी बाजारात त्या पापलेटचे कल्ले उघडून बघत, मग त्याच पापलेटला बोटानं दाबून बघत, आणि सगळं ठीक निघालं की आणखीच बिथरत. एवढं ताजं आहे तर एवढा वेळ विकलं का गेलं नाही, असा त्यांचा प्रश्न असे. गॅसवाल्याला त्या सिलिंडर हलवून दाखवायला लावत. नारळवाल्याकडे नारळ कानाशी धरून इतका वेळ ऐकत बसत, की मागच्या गिऱ्हाइकाला वाटावं, आतून कोणी बोलतंय.

सुकापूरला त्यांच्या तीन मजली घरात मी दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, तेव्हा पहिले काही दिवस त्या काही ना काही निमित्त काढून वर येत होत्या. मी घरी बसून भाषांतराचं काम करते. बाई दिवसभर घरात असते, कोणी येत नाही, कुठं जात नाही, म्हणजे हिचं काहीतरी आहे. शेवटी एकदा माझ्या खुर्चीमागं उभं राहून त्यांनी मी काय टाइप करते ते बराच वेळ बघितलं. “मराठीच हाय,” एवढंच म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्यानंतर आमचं जमलं.

त्यांचं माहेर उरणकडचं, मिठागरावरचं. सासर इथलं, भातशेतीचं. नवरा तुळशीराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेत होतं तिथं आता चार बिल्डिंगी आहेत, आणि त्या बिल्डिंगींच्या पायात काय सिमेंट घातलंय याचाही मालूबायना भरवसा नव्हता. एकुलता मुलगा भावेश उलव्याला एका बांधकामावर डंपरची ये-जा बघायचा. त्यानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. सून रंजिता सांगलीकडची, खारघरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला. मुलगी शांत, कामसू, बोलायला गोड. मालूबायना खटकलं ते हेच. “एवढी गोड बोलते,” त्या मला म्हणायच्या, “काय तरी आसल मनात.”

भांडण मात्र कधी झालं नाही. वरद जन्मला आणि घरात दोघींना बोलायला एक विषय मिळाला. रंजिता कामावर गेली की वरद मालूबायच्या कडेवर. तो चालायला लागला, तुटक बोलायला लागला, आजीला ‘माऊ’ म्हणायला लागला. तेवढ्या एका माणसावर त्यांचा संशय नव्हता.

हे सगळं घडलं ते वरदला दोन वर्षं व्हायची होती तेव्हा. आधी सर्दी झाली, मग ताप आला, आणि पोर उजवा कान ओढून ओढून रडायला लागलं. मालूबाय म्हणाल्या, दात येतायत, कानात कोमट तेल सोडू. रंजितानं तेल सोडू दिलं नाही. दोघी वरदला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासायच्या आधी पोराला वजनकाट्यावर बसवलं. मालूबायना ते विचित्र वाटलं. दुखणं कानात, मग तोलायचं कशाला? त्या मला नंतर म्हणाल्या, “पोर हाय का मासली?” औषध किती द्यायचं ते वयावर नाही, वजनावर ठरतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण मालूबायच्या मनात काटा राहिला. मग बाईंनी विचारलं, कुठल्या औषधानं याच्या अंगावर कधी पुरळ उठलंय का. रंजिता नाही म्हणाली. मालूबायनी हाही प्रश्न लक्षात ठेवला. पुरळ उठतं असं यांना आधीच माहीत आहे, तरी देतायत.

कानाच्या आत पू झाला होता. डॉक्टरीणबाईंनी अँटिबायोटिकचं पातळ औषध लिहून दिलं, दिवसातून तीन वेळा. घरातल्या चमच्यानं द्यायचं नाही, म्हणून बिनसुईची एक छोटी पिचकारी दिली आणि तिच्यावर पेनानं रेघ मारली. पोराला मांडीवर सरळ बसवायचं, पिचकारीचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवायचं आणि हळूहळू सोडायचं. झोपवून, नाक दाबून, घशात ओतायचं नाही. दुधाच्या भरल्या बाटलीत मिसळायचं नाही, कारण दूध उरलं तर औषधही उरतं. ताप उतरला तरी सांगितले तेवढे दिवस द्यायचं. अंगावर गांध्या आल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वासाला त्रास झाला, तर औषध बंद करून तसंच उठून यायचं. रंजितानं सगळं मन लावून ऐकलं. मालूबायनीही ऐकलं, पण त्यांच्या कानात राहिलं ते शेवटचं.

औषध आणायला भावेश गेला. परेशचं मेडिकल स्टोअर रस्त्यालाच आहे. भावेशनं गाडी आडवी लावलेली, मागून हॉर्न वाजत होते. परेश बाटलीबद्दल काय काय सांगत होता, त्यातलं भावेशनं अर्धंच ऐकलं. घरी बाटली आली तेव्हा मालूबायनी ती उजेडात धरली. आत तळाशी पांढरी भुकटी, बाकी बाटली रिकामी.

“औषध कुटं हाय?” त्यांनी विचारलं.

भावेश म्हणाला, पाणी आपणच घालायचं असतं, हे टिकावं म्हणून असं देतात. मालूबायना तो खुलासा दुधात पाणी घालणाऱ्या माणसाच्या खुलाशासारखा वाटला.

रंजितानं पाणी उकळून गार केलं. भावेशनं ते बाटलीवरच्या खुणेपर्यंत ओतलं, झाकण लावलं, जोरात हलवलं आणि बाटली ओट्यावर ठेवून तो कामाला निघून गेला. मालूबाय तिथंच उभ्या होत्या. औषध पांढरं झालं होतं, वर फेस होता, आणि फेसासकट सगळं खुणेच्या वरच होतं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग त्या गच्चीवर कपडे काढायला गेल्या. परत येऊन बघतात तर बाटली खुणेच्या चांगली खाली.

रंजिता आतल्या खोलीत वरदला मांडीवर घेऊन बसली होती. मालूबायनी दारातून विचारलं, औषध दिलंस का. ती म्हणाली, नाही आई, थोडं खाऊ दे त्याला, मग देते.

त्या क्षणी मालूबायच्या मनात ज्याला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं. सून खोटं बोलतेय. आपण वर गेलो तेवढ्यात तिनं पोराला औषध पाजलं, आणि आता दुसऱ्यांदा पाजणार. कशासाठी? थोड्या वेळानं त्याचं उत्तरही त्यांना मिळालं. औषध दिल्यावर वरद झोपला तो झोपलाच. कान ठणकून पोर आदल्या रात्री झोपलं नव्हतं, तापाचंही औषध पोटात गेलं होतं, पण मालूबायना एवढंच दिसलं, की पोर गाढ झोपलंय आणि आई मोबाइलवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलतेय.

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. वरदच्या मनगटाला बांधायला आणलेल्या काळ्या दोऱ्याचं रीळ देव्हाऱ्यात होतं. त्यातला एक तुकडा तोडून त्यांनी बाटलीला बांधला, बरोबर जिथवर औषध होतं तिथं, आणि बाटली पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली. आता कळेल, किती जातं ते.

सकाळी रंजितानं फ्रिज उघडला आणि औषधाला बांधलेला काळा दोरा बघितला.

हे मला नंतर दोघींकडून वेगवेगळं समजलं. रंजिताला माहेरचं बोलणं आठवलं. लग्न ठरलं तेव्हा तिच्या गावातल्या बायकांनी सांगितलं होतं, कोकणपट्टीत मुलगी देताय, तिकडं करणी-बिरणी चालते. ती तेव्हा हसली होती. आता ती फ्रिजसमोर उभी राहून दोऱ्याची गाठ बघत होती. विचारायचं धाडस झालं नाही. काय विचारणार, आणि खरं उत्तर आलं तर? तिनं दोरा सोडला नाही, पण औषध काढताना बोटं त्याला लागू नयेत म्हणून चमच्याच्या दांड्यानं तो खाली सरकवला. औषध काढलं, वरदला दिलं, आणि ती कामाला गेली.

दुपारी मालूबायनी बाटली काढली. दोरा पार खाली. औषध त्याच्याशी जुळतच नव्हतं. दोरा आपोआप उतरत नाही. म्हणजे सुनेनं दोरा बघितला, आपला डाव ओळखला आणि खूण हलवली. ज्याच्या मनात काही नाही तो खूण कशाला हलवील?

दुपारचं औषध मालूबायनी द्यायचं, असं ठरलं होतं. त्यांनी पिचकारी रेघेपर्यंत भरली, वरदला मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि उठून पिचकारी मोरीत रिकामी केली. वर तांब्याभर पाणीही ओतलं नाही, कारण तेवढ्यात पोर रडायला लागलं. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता सरळ होता. सून लपून जास्त देतेय, तर आपण मधलं गाळायचं, म्हणजे पोराच्या पोटात ठीक तेवढं जाईल. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच केलं. त्यानंतरही.

आधी ताप उतरला होता. मग तो परत चढला. वरद पुन्हा कान ओढायला लागला. संध्याकाळी घरी आल्यावर रंजिता त्याच्या कपाळाला हात लावायची आणि सासूकडे बघायची. दुपारचं दिलंत ना, असं रोज विचारायची, आणि मालूबाय रोज म्हणायच्या, दिलं की. पण त्या हे सांगताना नजरेला नजर देत नाहीत, हे रंजिताच्या लक्षात आलं. मी एकदा चहा प्यायला खाली गेले तेव्हा दोघी एकाच खोलीत होत्या आणि दोघींची पाठ एकमेकींकडे होती. रंजितानं मला जिन्यात गाठून विचारलं, दुपारी वरदच्या रडण्याचा आवाज येतो का हो वर? औषध घेताना तो रडतोच. मी विचार केला आणि खरं ते सांगितलं, की नाही, आज दुपारी तसा काही आला नाही. ती तशीच खाली गेली. मी नको ते बोलले की काय, असं मला वाटत राहिलं.

त्याच संध्याकाळी भांडी घासताना तिला मोरीच्या कोपऱ्यात मुंग्या दिसल्या. लाल मुंग्यांची ओळ फरशीच्या फटीतून आली होती आणि जाळीजवळच्या एका पांढुरक्या डागाभोवती गोळा झाली होती. तिनं वाकून वास घेतला. औषधाला फळाचा गोडसर वास होता, तोच.

इथं ती भावेशला सांगू शकली असती. डॉक्टरीणबाईंना फोन करू शकली असती. पण भावेशला सांगायचं म्हणजे तुझी आई मुलाचं औषध मोरीत ओतते असं सांगायचं, आणि त्याआधी बाटलीवरच्या दोऱ्याचंही सांगायचं. तो हसला असता किंवा चिडला असता. तिनं स्वतःच्या मनानं ठरवलं, की बुडालेलं भरून काढायचं. मालूबाय देवाजवळ दिवा लावत होत्या तेवढ्यात तिनं पिचकारी एकदा रेघेपर्यंत भरून वरदला दिली, आणि लगेच दुसऱ्यांदा भरून दिली. पोर तोंड फिरवत होतं. तिनं त्याला समजावून समजावून ते संपवलं.

दिवा लावून वळताना मालूबायनी दुसरी पिचकारी बघितली.

सकाळी भावेश उलव्याला निघून गेल्यावर वरदला उलट्या सुरू झाल्या. पोटही बिघडलं. मालूबाय माझ्या दाराशी आल्या तेव्हा त्यांचा पदर खांद्यावर नव्हता, आणि तसं मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

“मॅडम, चला,” त्या म्हणाल्या. “तिच्यासंगं मी एकटी जानार नाय.”

रिक्षात वरद रंजिताच्या मांडीवर मलूल पडला होता. मी मध्ये. पलीकडे मालूबाय, आणि त्यांच्या मुठीत ती बाटली. रंजितानं माझ्यावरून हात पुढे करून बाटली मागितली. मालूबायनी ती पदराखाली घेतली. डाक्तरीनबायच्या हातात देईन, म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी वरदला तपासलं. पोट, छाती, कान, तोंडाचा ओलावा. कपडे काढून अंगभर पुरळ आहे का ते बघितलं. तो रडला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, ते बघून त्यांना जरा बरं वाटलंसं दिसलं. मग त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, औषध कोण देतं, किती आणि केव्हा, ते मला सांगा. त्यांनी पुन्हा विचारलं. रंजिता वरदच्या पायातला मोजा नीट करत राहिली. मालूबाय भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

“हे बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कोण चुकलं ते मला नकोय. त्याच्या पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय मी पुढचं औषध देऊ शकत नाही.”

रंजिता आधी बोलली. काल संध्याकाळी दुप्पट दिलं, म्हणाली. का दिलं ते सांगताना तिनं सासूचं नाव घेतलं नाही. मधले काही डोस गेले नसावेत असं वाटलं, एवढंच म्हणाली.

मालूबायनी पदराखालची बाटली काढून टेबलावर ठेवली. दोरा अजून होता.

“दुपारचं मी मोरीत वतलं,” त्या म्हणाल्या. “रोज.”

रंजिताला ते माहीत होतं, तरी ऐकताना तिचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, का? आणि मालूबायनी जे सांगितलं ते मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं, भावेशनंही ऐकलं नसावं. त्या लहान असताना मिठागरावर त्यांची एक धाकटी बहीण होती, सुमती. तिला ताप आला. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात एक कंपाउंडर मोठ्या बरणीतून लाल औषध बाटलीत भरून द्यायचा आणि बाटलीला कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच एका वेळेला. आई मिठाच्या पाट्या वाहायला जायची, घरात आजी, आत्या, काकू. ज्या कोणाला पोर रडताना दिसलं तिनं एक खाच पाजली. संध्याकाळी आई आली तेव्हा बाटली पट्टीच्या तळाला गेली होती. पोर झोपलं होतं आणि उठलं नाही.

“कोनी किती दिलं, कोनी सांगितलंच नाय,” मालूबाय म्हणाल्या. “सगल्या म्हनल्या, मी एकदाच.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, त्या बाटलीत काय होतं ते मला माहीत नाही, आता कोणालाच कळणार नाही. औषधानं झालं की तापानं, तेही नाही. पण कोणी किती दिलं ते कोणी सांगितलं नाही, ते इथंही झालं. एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला आणि वरदकडे वळल्या. एकदाच दुप्पट गेलंय, त्यानं पोट बिघडलंय, बहुतेक तेवढ्यावरच निभावेल, लक्ष ठेवा, म्हणाल्या. थोडं थोडं ओआरएसचं पाणी पाजत राहा, दूध-भात चालेल. बुडालेला डोस दुप्पट करून कधीच भरून काढायचा नाही. लवकर आठवलं तर द्यायचा, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायचा, आणि कळत नसेल तर मला फोन करायचा. कानातला पू मात्र तसाच होता, कारण औषध अर्धमुर्धंच पोचलं होतं.

मालूबाय उठल्या नाहीत. त्यांचा एक प्रश्न राहिला होता, आणि तो त्या सोडणाऱ्या नव्हत्या. पहिल्या दिवशी, कोणी हात लावायच्या आधी, बाटली खाली कशी गेली? सून म्हणते तिनं तेव्हा दिलं नव्हतं. मग औषध गेलं कुठं?

रंजिता चमकून बघायला लागली. ही गोष्ट तिला आत्ता कळत होती.

डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली, हलवली, कलती केली. पाणी कोणी घातलं, विचारलं. रंजितानं भावेशला फोन लावला. तिकडं मागं डंपरचा आवाज येत होता. भावेश म्हणाला, खुणेपर्यंत पाणी घातलं, हलवलं, ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नंतर परत पाणी घातलंत का? परत कशाला, त्यानं विचारलं.

आम्ही सगळे तिथून परेशच्या दुकानात गेलो. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, नवीन बाटली यांच्यासमोर कालवून द्या, जुनी टाकून द्या. परेशनं आधी बाटली उपडीसुलटी करून भुकटी मोकळी केली. मग खुणेच्या जरा खालपर्यंत पाणी घातलं आणि हलवलं. वर फेस आला. बाटली काउंटरवर ठेवून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मालूबाय चष्मा लावून बाटलीसमोर वाकल्या. फेस हळूहळू बसत गेला, भुकटी पाण्यात भिनत गेली, आणि कोणी हात न लावता औषध खाली खाली आलं. त्यांनी परेशकडे बघितलं, मग रंजिताकडे, मग परत बाटलीकडे. परेशनं येऊन उरलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं, पुन्हा हलवलं आणि म्हणाला, आता बरोबर. दादाला मी हे सांगितलं होतं, पण त्यांची गाडी मध्ये होती. पाणी कमी पडलं की औषध दाट होतं, मग रेघेपर्यंत दिलं तरी जास्तच जातं. दर वेळी द्यायच्या आधी हलवा, फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा.

“परत एकदा हलव,” मालूबाय म्हणाल्या.

त्यानं हलवलं. त्यांनी पुन्हा फेस बसेपर्यंत वाट बघितली. या वेळी औषध खुणेवर थांबलं. मग त्यांनी परेशला विचारलं, ही भुकटी खरी आहे याला पुरावा काय. परेशनं हात जोडले.

परतताना रिक्षात वरद आजीच्या मांडीवर होता. रंजितानं न राहवून दोऱ्याचं विचारलं. करणी केलीय असं तिला वाटलं होतं, हे तिनं सांगून टाकलं. मालूबायना त्याचा फार राग आला. आपल्याच नातवावर? आणि असलं काही करायचं असतं तर त्यासाठी जाणता माणूस बघावा लागतो, ते काय रिळाच्या दोऱ्यानं होतं? मग मात्र त्यांच्या लक्षात आलं, की आपणही सुनेबद्दल याहून बरं काही मनात धरलं नव्हतं. त्या बाहेर बघायला लागल्या.

माफी कोणीच मागितली नाही. पण त्या दिवसापासून घरात एक पद्धत पडली. जी कोणी औषध देईल तिनं दुसरीला दाखवून द्यायचं. रंजितानं ऑफिसातून दुपारी थोडा वेळ सुटण्याची परवानगी काढली नाही, तिला ती मिळालीही नसती. ती मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावायची. मालूबाय मोबाइल पाण्याच्या हंड्याला टेकवून ठेवायच्या, पिचकारी रेघेपर्यंत भरून कॅमेऱ्यासमोर धरायच्या, मग वरदच्या गालात हळूहळू सोडायच्या. सुरुवातीला हे एकमेकींवर पाळत ठेवण्यासारखंच होतं, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. नंतर नंतर कॉल लांबायला लागला. औषध झालं तरी मालूबाय जेवणात काय केलंय ते सांगत बसायच्या.

वरदचा ताप गेला. तो खेळायला लागला, तरी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत औषध चालू राहिलं, यावर मालूबायचा थोडा वाद झाला पण त्यांनी ते दिलं. पुन्हा कान दाखवला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साफ आहे. बाटलीत थोडं औषध उरलं होतं. ते ठेवायचं नाही, असं परेशनं सांगितलं होतं, काही दिवसांनी त्याचा गुण जातो. रंजितानं ते टाकलं. मालूबाय ते टाकताना बघत उभ्या राहिल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी तळमजल्यावरची भाडेकरू सफूरा मुलीला घेऊन वर मालूबायकडे आली, तेव्हा मी तिथंच होते. तिचा नवरा अली कुवेतला असतो. मुलगी फिजा वरदच्याच वयाची, तिला सर्दी-खोकला झाला होता. वरदचं ते पांढरं औषध उरलं असेल तर द्या ना खालाजान, सफूरा मालूबायना म्हणाली, त्यानं किती लवकर आराम पडला. मालूबाय म्हणाल्या, नाय, टाकलं. असलं तरी दिलं नसतं. एका पोराचं दुसऱ्या पोराला देत नाहीत, वजन तोलावं लागतं आधी.

सफूराच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला ओळखीचं होतं. चांगलं महागाचं औषध कोण टाकून देतं? म्हातारी लपवतेय. जाताना तिनं फ्रिजकडे एकदा बघून घेतलं. मालूबायनाही ते दिसलं. त्यांनी फ्रिज उघडून दाखवला नाही. चप्पल घातली, आणि फिजाला उचलून म्हणाल्या, चल, डाक्तरीनबायकडं.

तासाभरानं दोघी परत आल्या त्या घुश्शातच. डॉक्टरीणबाईंनी फिजाला तपासलं आणि साधी सर्दी आहे, अँटिबायोटिकची गरज नाही, म्हणून काहीच लिहून दिलं नव्हतं. पाणी पाजा, ताप आला किंवा धाप लागली तर आणा, एवढंच सांगितलं. सफूराचं म्हणणं पडलं, एवढं लांब गेलो आणि रिकाम्या हातानं आलो. मालूबायनाही बाईंचं हे वागणं काही कळलं नव्हतं. माझ्या नातवाला एवढी मोठी बाटली, आणि हिच्या पोरीला काहीच नाही? जिन्याच्या पायरीवर बसून त्या दोघी बराच वेळ डॉक्टरीणबाईंबद्दल बोलत होत्या. फिजा आणि वरद खाली अंगणात एका फुटक्या बादलीत माती भरत होते. फिजा शिंकली, वरदनं तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा माती भरायला लागला.